वेगवान गोलंदाजाच्या पाठीवरचे ओझे नेमके कुणाचे?

लंडनच्या ओव्हल मैदानावर ४ ऑगस्ट २०२५ च्या सकाळी इंग्लंडला विजयासाठी ३५ धावा हव्या होत्या आणि भारताला चार बळी. त्यांपैकी तीन बळी मोहम्मद सिराजने घेतले आणि भारताने सहा धावांनी सामना जिंकून मालिका २-२ अशी बरोबरीत सोडवली. ज्या यॉर्करवर गस अॅटकिन्सनचा त्रिफळा उडाला, तो सिराजने त्या मालिकेत टाकलेला १,११३ वा चेंडू होता. पाच कसोटी, ४६ दिवस, १८५.३ षटके, २३ बळी. दोन्ही संघांतील अन्य कोणत्याही गोलंदाजाने इतके बळी घेतले नाहीत.

हैदराबादेतील आबिड्सपासून सिराज ज्या वस्तीत वाढला, ती फर्स्ट लान्सर वस्ती काही किलोमीटरांच्या अंतरावर आहे. या शहराने त्या विजयाचा अभिमान बाळगावा हे स्वाभाविकच. मात्र विजयाचा जल्लोष ओसरण्यापूर्वीच देशभर एक जुना वाद नव्याने उभा राहिला. जसप्रीत बुमराह याच मालिकेत ठरवून तीनच कसोटी खेळला होता. सिराज पाचही खेळला आणि अखेरच्या दिवशी सर्वांत ताजातवाना वाटला. तेव्हा ‘वर्कलोड’ हा शब्दच भारतीय क्रिकेटच्या कोशातून काढून टाकावा, अशी अपेक्षा सुनील गावसकर यांनी व्यक्त केली. सीमेवरील जवान थंडीवाऱ्याची तक्रार करतो काय, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. दुसऱ्या बाजूला क्रीडावैद्यक आणि प्रशिक्षक यांचे म्हणणे असे, की एका सिराजच्या जोरावर धोरण ठरवणे म्हणजे पुरातून पोहून आलेल्या एकाकडे बोट दाखवून इतरांना पाण्यात उतरवणे होय.

प्रश्न दिसतो तितका भावनिक नाही. संघाचे सूत्रधार वेगवान गोलंदाजांना अतिरेकी राबवतात काय, आणि त्यांच्या दुखापती त्या राबवण्यातूनच उद्भवतात काय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर ‘होय’ आले तरी दुसऱ्याचे ‘होय’ येईलच असे नाही. वादात मात्र दोहोंची सरमिसळ होते.

बेसबॉलची पन्नास वर्षे

हाच वाद अमेरिकेत बेसबॉलच्या निमित्ताने गेली अनेक दशके चालू आहे. तेथे चेंडू फेकणाऱ्या पिचरला केव्हा थांबवायचे, हा निर्णय मॅनेजरच्या हाती असतो. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरातील फाटलेल्या अस्थिबंधाच्या जागी त्याच्याच शरीरातील स्नायुबंध बसवला आणि संपलेली मानली गेलेली त्याची कारकीर्द पुढे दीर्घकाळ चालली. ती शस्त्रक्रिया आज त्याच्याच नावाने ओळखली जाते आणि आज ती इतकी सर्रास होते, की त्यातच या खेळाची व्यथा सामावली आहे.

मॅनेजरवरील दोषारोपाचे सर्वांत गाजलेले उदाहरण २००३ चे. शिकागो कब्स संघाचे मॅनेजर डस्टी बेकर यांच्या हाताखाली मार्क प्रायर आणि केरी वूड हे दोन तरुण पिचर होते. प्रायरचे वय जेमतेम २३. त्या हंगामात दोघांनीही दोनशेहून अधिक इनिंग टाकल्या. हंगामाच्या उत्तरार्धात प्रायरच्या फेकींची संख्या सामन्यामागून सामन्यात १२० च्या वर जात राहिली. पुढे दोघेही दुखापतींनी ग्रासले आणि प्रायरचा अखेरचा मोठा सामना २००६ मध्येच झाला. चाहत्यांनी बेकर यांना गुन्हेगार ठरवून टाकले.

तथापि याच कहाणीत काही तपशील असे आहेत, की ते निकाल देण्याची घाई करू देत नाहीत. २००३ च्या जुलैत धावताना प्रतिस्पर्धी खेळाडूशी प्रायरची जोरदार टक्कर झाली होती. २००५ मध्ये फलंदाजाने मारलेला सरळ चेंडू त्याच्या कोपरावर आदळून हाड मोडले होते. या अपघातांत मॅनेजरचा काय दोष? भार, अपघात, शरीराची ठेवण आणि फेकण्याची शैली यांतील कोणता धागा कुठे तुटला, हे एका माणसाच्या आयुष्यावरून सांगता येत नाही.

जपानमधील चित्र याहून तीव्र आहे. कोशियेनच्या शालेय स्पर्धेत १९९८ साली दाइसुके मात्सुझाकाने सतरा इनिंग चाललेल्या एका सामन्यात एकट्याने २५० फेकी केल्या. जपानने त्याला वीर मानले. त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली ती २०११ मध्ये, म्हणजे तेरा वर्षांनंतर, आणि तोवर तो अमेरिकेतील अव्वल संघाकडून खेळून चुकला होता. असे असूनही, मुलांचे हात ही स्पर्धेच्या रंजनाची सामग्री नव्हे, ही जाणीव हळूहळू रुजली आणि २०२० पासून तेथे शालेय पिचरला आठवड्यात ५०० फेकींची मर्यादा घालण्यात आली.

अमेरिकेने तर फेकी मोजण्याचे शास्त्रच उभारले. शंभर फेकी झाल्या, की मॅनेजर पिचरला बाहेर बोलावतो, हा आता अलिखित नियम आहे. परिणाम काय झाला? २०२४ च्या हंगामात संपूर्ण मेजर लीगमध्ये दोनशे इनिंगचा टप्पा गाठणारे पिचर अवघे चार होते. म्हणजे भार घटला. दुखापती मात्र घटल्या नाहीत, उलट वाढल्या. डिसेंबर २०२४ मध्ये मेजर लीगने प्रसिद्ध केलेल्या अहवालाने कारण म्हणून बोट दाखवले ते वेगाकडे आणि प्रत्येक फेकीत सर्वस्व ओतण्याच्या नव्या पद्धतीकडे. २००८ मध्ये वेगवान फेकीचा सरासरी वेग ताशी ९१.३ मैल होता. तो २०२४ पर्यंत ९४.२ मैलांवर गेला होता. पूर्वीचा पिचर लांब पल्ल्याचा प्रवासी होता आणि दम राखून फेकत असे. आजचा प्रत्येक चेंडूला शर्यतीचा अखेरचा टप्पा समजतो, कारण त्याची निवड आणि त्याचे मानधन वेगमापकाच्या आकड्यावर ठरते.

भारतीय चर्चेने बेसबॉलकडून घ्यावयाचा धडा हाच आहे. संख्या मोजणे आवश्यक असले तरी तेवढ्याने भागत नाही.

सिराज आणि बुमराह : आकडे काय सांगतात

आता इंग्लंडमधील मालिकेचे आकडे शांतपणे पाहिले, तर दोन्ही बाजूंच्या समजुतींना धक्का बसतो. बुमराहने तीन कसोटींत ११९.४ षटके टाकली, म्हणजे सामन्यामागे जवळजवळ चाळीस. सिराजची सरासरी सामन्यामागे सदतीस षटकांची. ज्याला ‘जपले’ असे म्हटले गेले, त्याच्याकडून खेळलेल्या प्रत्येक सामन्यात ज्याला ‘राबवले’ असे म्हटले गेले त्याच्याहून अधिक काम घेण्यात आले. लीड्समध्ये ४३.४ षटके, लॉर्ड्सवर ४३ आणि मँचेस्टरला ३३ असा बुमराहचा हिशेब आहे. सामने मोजून भार नियंत्रित केल्याचे समाधान मिळते. शरीर मात्र सामने मोजत नाही. त्याला कळतात ते चेंडू, त्यांमागील जोर आणि त्यांमधील विश्रांती.

याच्या सहा-सात महिने आधीचा ऑस्ट्रेलिया दौरा अधिक बोलका आहे. तेथे बुमराहने ३२ बळी घेताना एकूण १५१.२ षटके टाकली. त्यांपैकी ५३.२ षटके एकट्या मेलबर्न कसोटीतील होती. ती कसोटी ३० डिसेंबर २०२४ रोजी संपली, सिडनीची ३ जानेवारीला सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी पाठीच्या दुखण्याने बुमराहला मैदान सोडावे लागले. दुसऱ्या डावात तो गोलंदाजी करू शकला नाही आणि पुढे चॅम्पियन्स करंडकालाही मुकला.

ऑस्ट्रेलियातील क्रीडावैद्यक जॉन ऑर्चर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाशी हा घटनाक्रम ताडून पाहण्याजोगा आहे. एका सामन्यात पन्नासहून अधिक षटके टाकणाऱ्या वेगवान गोलंदाजाला त्यापुढील तीन-चार आठवड्यांत दुखापतीचा धोका वाढतो, असे त्यांना आढळले होते. मेलबर्नमध्ये बुमराहने ती रेषा ओलांडली. सिराजने इंग्लंडमध्ये ती एकदाही ओलांडली नाही. ओव्हलवरही त्याची षटके ४६.३ भरली. एका उदाहरणाने सिद्धांत सिद्ध होत नाही हे खरे. तथापि ‘सिराज पाच सामने खेळला, त्याला काही झाले नाही, मग भार हे थोतांड आहे’ हा युक्तिवाद किती लटका आहे, ते यावरून उमगते. सिराजचा भार मोठा असला तरी बराचसा समान वाटलेला होता. बुमराहचा मेलबर्नमधील भार एकाच आठवड्यात कोसळला होता.

आणखी एक बाब दुर्लक्षित राहिली. ऑस्ट्रेलियातही सिराज पाचही कसोटी खेळला होता आणि त्याने २० बळी घेतले होते. त्यानंतर चॅम्पियन्स करंडकाच्या संघातून त्याला वगळण्यात आले. त्या वेळी तो अन्याय वाटला. परिणामतः त्याला शरीर पुन्हा बांधण्यास अवधी मिळाला. म्हणजे सिराजला विश्रांती मिळालीच नाही, हे खरे नाही. ती नियोजनातून मिळाली नाही, तर निवड न झाल्यामुळे मिळाली. ज्या व्यवस्थेत गोलंदाजाला विसावा मिळण्यासाठी त्याला डावलले जावे लागते, ती व्यवस्था गोलंदाज सांभाळते असे म्हणता येणार नाही.

शास्त्राचा कौल आणि त्याच्या मर्यादा

वेगवान गोलंदाजी ही मानवी पाठीच्या कण्याला न मानवणारी क्रिया आहे. पुढचा पाय क्रीझवर आदळतो तेव्हा जमिनीकडून येणारा उलट दाब शरीराच्या वजनाच्या सुमारे पाच ते सात पट असतो. त्याच क्षणी कंबर एका बाजूस झुकते, वळते आणि मागे ताणली जाते. हा आघात दिवसात शंभर-सव्वाशे वेळा झाला, की कमरेच्या मणक्याच्या हाडात सूक्ष्म तडे जाऊ लागतात. विश्रांती मिळाली तर हाड ते बुजवते आणि पूर्वीपेक्षा घट्टही होते. न मिळाली तर तडा रुंदावतो. यालाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. कुमारवयात, हाडे पक्की होण्यापूर्वी, हा धोका सर्वाधिक असतो.

म्हणूनच निव्वळ आराम हे उत्तर ठरत नाही. गोलंदाजीची सत्रे फार दाटीने आली तरी आणि फार विरळ झाली तरी धोका वाढतो, असे ऑस्ट्रेलियातील अभ्यासांत दिसले आहे. २०१४ मधील एका संशोधनानुसार एखाद्या आठवड्याचा भार आधीच्या चार आठवड्यांच्या सरासरीच्या दुप्पट झाला, तर पुढील आठवड्यात दुखापतीची शक्यता सुमारे तिपटीने वाढते. या गुणोत्तरावर पुढे संख्याशास्त्रज्ञांनी गंभीर आक्षेप घेतले आणि ते आक्षेप योग्यही आहेत. कोणतेही एक गुणोत्तर कोणत्याही एका गोलंदाजाचे भविष्य वर्तवू शकत नाही. तरीही त्यातील मूळ विचार शेतावर राबणाऱ्या कुणालाही पटेल असा आहे. सवयीचे ओझे पेलते, एकाएकी आलेले मोडते.

या दृष्टीने २०२५ च्या उन्हाळ्याचे वेळापत्रक पाहावे. आयपीएलचा अंतिम सामना ३ जूनला झाला आणि लीड्सची कसोटी २० जूनला सुरू झाली. मधे अवघे सतरा दिवस. आयपीएलमध्ये गोलंदाज सामन्यात जास्तीत जास्त चार षटके टाकतो. साखळीतील सर्व चौदा सामने खेळला तरी ही संख्या छप्पनच्या वर जात नाही. अडीच महिन्यांत छप्पन, आणि मग एका आठवड्यात चाळीस. सिराजने लीड्समध्ये ४१ षटके टाकली. सरावातील चेंडू धरले तरी ही चढण खडी आहे. आयपीएल गोलंदाजांना दमवते, ही तक्रार म्हणूनच अर्धीच खरी आहे. ती त्यांना कसोटीसाठी पुरेसे राबू देत नाही आणि प्रत्येक चेंडू पूर्ण वेगाने टाकण्याची सवय मात्र लावते. २०२४ च्या आयपीएलमध्ये ताशी १५६.७ किलोमीटर वेगाने चेंडू टाकणारा मयंक यादव त्यानंतर मैदानापेक्षा उपचारांतच अधिक काळ राहिला, तो षटकांच्या संख्येमुळे नव्हे.

जुन्या काळाचा दाखला

‘पूर्वी हे लाड नव्हते’ असे म्हणणाऱ्यांच्या बाजूनेही काही पुरावा आहे आणि तो नाकारू नये. १९४४-४५ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात होळकर संघाच्या सी. एस. नायडू यांनी मुंबईविरुद्ध एका सामन्यात ९१७ चेंडू टाकले. १९५२ मध्ये लॉर्ड्सवर विनू मांकड यांनी पहिल्या डावात ७३ आणि दुसऱ्यात २४ षटके टाकली, शिवाय फलंदाजीत ७२ आणि १८४ धावा केल्या. पण हे दोघेही फिरकी गोलंदाज होते. फिरकीपटूचे खांदे आणि बोटे झिजतात, त्याच्या मणक्यावर तो आघात होत नाही. हा फरक विसरून दिलेले दाखले निरर्थक ठरतात.

वेगवान गोलंदाजांत कपिल देव यांचे उदाहरण खरोखरच थक्क करणारे आहे. १३१ कसोटी, २७,७४० चेंडू, आणि दुखापतीमुळे एकही कसोटी चुकली नाही. सामन्यामागे सरासरी पस्तीस षटके, म्हणजे सिराजच्या इंग्लंडमधील सरासरीच्या जवळपास. इंग्लंडच्या जेम्स अँडरसनचा हिशेबही तसाच आहे. १८८ कसोटींत ४०,०३७ चेंडू. मात्र त्याच अँडरसनला २००६ मध्ये, त्याची शैली बदलण्याचे प्रयोग झाल्यानंतर, पाठीच्या स्ट्रेस फ्रॅक्चरला तोंड द्यावे लागले होते. तो आपल्या नैसर्गिक शैलीकडे परतला आणि पुढे दीड तप खेळला.

या यादीत मराठी वाचकाने रमाकांत देसाई यांचे नाव विसरू नये. फेब्रुवारी १९५९ मध्ये दिल्लीत वेस्ट इंडीजविरुद्ध पदार्पण करणाऱ्या या लहानखुऱ्या मुंबईकराकडून, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, एकाच डावात ४९ षटके टाकून घेण्यात आली. त्यांनी चार बळी घेतले. संघात दुसरा खरा वेगवान गोलंदाज नव्हता आणि पुढेही वर्षानुवर्षे हा भार बव्हंशी त्यांनीच वाहिला. २८ कसोटींत ७४ बळी घेऊन त्यांची कारकीर्द संपली तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. त्यांचे सामर्थ्य कशाने ओसरले हे आज छातीठोकपणे सांगणे धाडसाचे होईल. परंतु सुस्थितीतील संघाने एकोणीस वर्षांच्या मुलाला असे वापरले असते काय, हा प्रश्न राहतोच.

जुन्या काळाविषयी बोलताना आणखी एक सावधगिरी हवी. कपिल देव आपल्याला आठवतात, कारण ते टिकले. जे विशीतच मोडले, त्यांची नावे कोणत्याही तक्त्यात नाहीत. टिकलेल्यांची मोजदाद करून झिजवण्याची पद्धत निर्धोक ठरवणे हा तर्काचा जुनाच दोष आहे.

आबिड्सच्या आसपासचे क्रिकेट

हैदराबादच्या क्रिकेटचा इतिहास या वादावर वेगळा प्रकाश टाकतो. सहाव्या निजामाच्या सेवेतील अल्बर्ट आबिद यांच्या दुकानावरून नाव पडलेल्या या पेठेच्या परिसरात शहराच्या क्रिकेटची जडणघडण झाली. गनफाउंड्रीतील ऑल सेंट्स शाळेतून मोहम्मद अझरुद्दीन आणि वेंकटपती राजू बाहेर पडले. जवळच बशीरबागेत निजाम कॉलेज आणि फतेह मैदान. आज लालबहादूर शास्त्री स्टेडियम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या मैदानावर तीन कसोटी झाल्या आणि तिन्ही न्यूझीलंडविरुद्ध. १९५५ मधील पहिल्या कसोटीत पॉली उम्रीगर यांनी भारताचे पहिले कसोटी द्विशतक झळकावले. जांबागेतील विवेक वर्धिनीसारखी १९०७ पासूनची मराठी शिक्षणसंस्थाही याच परिसरात आहे. त्यामुळे येथील मराठी कुटुंबांच्या पिढ्याही याच मैदानांच्या सावलीत वाढल्या.

मात्र या शहराने देशाला दिले ते प्रामुख्याने फलंदाज आणि फिरकी गोलंदाज. गुलाम अहमद, शिवलाल यादव, अर्शद अयुब, राजू, प्रग्यान ओझा ही परंपरा दिवसभर चेंडू टाकणाऱ्यांची आहे. सय्यद आबिद अली नवा चेंडू हाताळत, परंतु ते मध्यमगती. त्या काळातील भारतीय संघात चेंडूची लकाकी घालवून तो फिरकीपटूंच्या हाती देणे, एवढेच अशा गोलंदाजाचे काम असे. ‘दमेपर्यंत टाकत राहा’ ही रीत फिरकीच्या शाळेत शिकलेल्या कर्णधारांना स्वाभाविक वाटत असेल, तर त्यात नवल नाही.

सिराज या परंपरेबाहेरून आला. रिक्षाचालकाचा हा मुलगा टेनिसच्या चेंडूवर खेळत वाढला, त्याला रीतसर अकादमीचे प्रशिक्षण लाभले नाही, आणि २०१५ मध्ये, एकविसाव्या वर्षी, तो रणजी सामन्यात उतरला. पुढल्याच हंगामात त्याने ४१ बळी घेतले. याचा अर्थ असा, की ज्या वयात अकादमीतील मुले आठवड्यातील सहा दिवस जड चेंडूने मारा करत असतात, त्या वयात त्याची पाठ त्या चक्रातून गेली नव्हती. त्याच्या आजच्या टणकपणाचे हेच कारण, असा दावा करणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु विचार करावा असे हे साम्य आहेच. याच्या नेमके उलट उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या पॅट कमिन्सचे. अवघ्या तीन प्रथम श्रेणी सामन्यांनंतर, अठराव्या वर्षी, नोव्हेंबर २०११ मध्ये त्याने जोहान्सबर्गला पदार्पण करून सामन्यात सात बळी घेतले आणि त्यानंतरची कसोटी तो मार्च २०१७ मध्ये रांचीला खेळला. मधली पाच वर्षे मुख्यतः पाठीच्या फ्रॅक्चरने खाल्ली. ऑस्ट्रेलियन मंडळाने त्याला घाईने परत आणले नाही, म्हणून पुढचा कमिन्स जगाला दिसला.

निर्णय कुणाचा?

बेसबॉलमध्ये बोट दाखवायला मॅनेजर तरी असतो. क्रिकेटमध्ये चेंडू कर्णधार देतो, संघ निवड समिती आणि प्रशिक्षक ठरवतात, वेळापत्रक मंडळ आखते, एप्रिल-मेमध्ये गोलंदाज फ्रँचायझीचा असतो, आणि दुखावला की बंगळूरच्या सेंटर ऑफ एक्सलन्सचा. प्रत्येकाची क्षितिजरेषा निराळी आहे. कर्णधाराला हे सत्र जिंकायचे असते, फ्रँचायझीला हा हंगाम, मंडळाला प्रक्षेपणाचा करार पाळायचा असतो. गोलंदाजाची पुढली दहा वर्षे ज्याच्या वहीत नोंदलेली आहेत, असा कुणीही या साखळीत नाही.

खुद्द गोलंदाजाचा भरवसा धरावा, तर तोही व्यर्थ. सिडनीत बुमराह मैदानाबाहेर गेला तेव्हा कर्णधार तोच होता. स्वतःला थांबवणे हे कोणत्याही जिद्दी खेळाडूला जमत नाही. त्यातच करार, सामन्यामागचे मानधन आणि जागा गमावण्याची धास्ती. ‘दुखते आहे’ असे सांगणारा बाहेर बसतो आणि न सांगणारा कौतुकास पात्र ठरतो, अशी रचना असेल, तर वेदना लपवली जाणारच.

शिवाय एकाची विश्रांती हे दुसऱ्याचे ओझे असते. बुमराह खेळला नाही त्या दोन्ही कसोटी, बर्मिंगहॅम आणि ओव्हल, भारताने जिंकल्या. त्यावरून त्याच्यावाचून संघ बरा, असा विनोदी निष्कर्ष काही जणांनी काढला. खरा निष्कर्ष हा, की आकाश दीप, प्रसिद्ध कृष्णा आणि सर्वांत अधिक सिराज यांनी ती पोकळी आपल्या अंगावर घेतली. भार व्यवस्थापन एका खेळाडूपुरते राखले, तर ते व्यवस्थापन न राहता नुसती वाटणी होते, आणि वाटणीत कमी नावाच्या माणसाच्या वाट्याला अधिक येते.

गोव्यासारख्या राज्याने काय करावे?

हा विषय गोव्याला परका वाटण्याचे कारण नाही. २०२४-२५ च्या हंगामात प्लेट गटातून वर आलेल्या गोव्याच्या रणजी संघापुढे बलाढ्य फलंदाजांना लांब डाव टाकण्याचे आव्हान आले. छोट्या राज्याची अडचण अशी, की वेगवान गोलंदाज मोजकेच असतात. मुंबई किंवा कर्नाटक एकाला बसवून दुसरा उतरवू शकते. येथे तोच मुलगा वयोगटाच्या संघातून, क्लबकडून, महाविद्यालयाकडून आणि बोलावणे आले तर वरिष्ठ संघाकडूनही खेळतो. प्रत्येक प्रशिक्षकाला त्याने आपल्याकडे टाकलेली षटके ठाऊक असतात. बेरीज कुणाकडेच नसते. मधल्या दिवशी नेटमध्ये राज्याच्या फलंदाजांना सराव देण्यासाठी टाकलेले शंभर चेंडू तर कुठल्याच हिशेबात धरले जात नाहीत.

इंग्लंडच्या मंडळाने यासाठी साधे, आकड्यांत मांडलेले नियम कित्येक वर्षांपूर्वीच केले. तेरा वर्षांपर्यंतच्या वेगवान गोलंदाजाने सलग पाच आणि दिवसात दहा षटके, चौदा-पंधरा वर्षांच्याने सलग सहा आणि दिवसात बारा, त्यापुढे एकोणीस वर्षांपर्यंत सलग सात आणि दिवसात अठरा, अशी ती मर्यादा होती. या आकड्यांत काही दैवी नाही. त्यांचे महत्त्व एवढेच, की सामना चुरशीचा झाला असताना प्रशिक्षकाच्या मनातील लोभाला पंचांच्या हातातील नियम आवर घालतो. ज्याला जिंकायचे आहे त्याच्याच विवेकावर मुलाची पाठ सोपवू नये, हे जपानलाही उशिरा का होईना कळले.

याच धर्तीवर राज्य संघटनेने प्रत्येक नोंदणीकृत वेगवान गोलंदाजाची एकच नोंदवही ठेवणे, सामन्यातील आणि सरावातील चेंडू तीत रोज भरणे, ती मुलाबरोबर शाळेतून क्लबमध्ये आणि क्लबातून राज्य संघात जाणे, यास मोठा खर्च लागत नाही. वहीतील आकडा एकाएकी चढला, की निवड समितीला तो दाखवण्याचा आणि प्रसंगी निवडीस हरकत घेण्याचा अधिकार संघाच्या फिजिओला असावा. आणि भारामुळे विश्रांती दिलेल्या खेळाडूचे सामन्याचे मानधन बुडू नये. ही शेवटची तरतूद खर्चिक आहे, पण तिच्यावाचून बाकीच्या कागदावरच राहतील, कारण ज्याच्या घरी सामन्याच्या मानधनावर चूल पेटते तो आपणहून बसणार नाही.

तेव्हा मूळ दोन प्रश्नांची उत्तरे अशी. संघांचे सूत्रधार वेगवान गोलंदाजांना राबवतात, हे खरे. त्यामागे क्रौर्य नसते, समोरचा सामना असतो. दुखापती मात्र केवळ त्या राबवण्यातून होत नाहीत. भाराची एकाएकी चढलेली पातळी, प्रत्येक चेंडूत ओतलेला कमाल वेग, कोवळे वय आणि विसंगत शैली यांच्या संगमातून त्या घडतात. म्हणून सामने वगळणे हा उपाय अपुरा आहे आणि वर्कलोड हा शब्दच पुसणे हा उपाय त्याहून घातक. सिराजचे १,११३ चेंडू गौरवास पात्र आहेत. पण त्याच्याइतकी दणकट पाठ नसलेला सतरा वर्षांचा एखादा मुलगा आज राज्यातील कुठल्या तरी मैदानावर दिवसाचे विसावे षटक टाकत असेल, आणि ते विसावे आहे हे मोजणारा तेथे कुणीही नसेल. व्यवस्थेची परीक्षा त्या मैदानावर होणार आहे.